परवडणारी बस आणि आपले बडोदे

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीच्या मांडवात बसचा विषय काहींना रुक्ष वाटेल. पण आज इथे कोण येऊ शकलेले नाही, याचा विचार केला की विषय आपल्या घरातलाच निघतो. दांडिया बाजार, रावपुरा, शियापुरा इथल्या वाड्यांतून आपली कुटुंबे आता कारेलीबाग, मांजलपूर, गोत्री, वाघोडिया रोडपर्यंत पसरली आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेत. मागे राहिलेल्या आजी-आजोबांना स्कूटर झेपत नाही आणि रिक्षाचे जाऊन-येऊन भाडे दर वेळी देववत नाही. मग भजन, वाचनालय, मंडळाचा कार्यक्रम असे एकेक सुटत जाते. आपण म्हणतो, "वय झाले." पुष्कळदा खरे कारण एवढेच असते की जायला साधन नसते.

बडोद्याला हा विषय नवा नाही. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या काळात डभोई ते मियागाम रेल्वे सुरू झाली. भारतातली ती पहिली नॅरोगेज रेल्वे. रूळ हलके होते, म्हणून सुरुवातीला गाड्या चक्क बैल ओढत. पुढे इंजिने नियमित धावू लागली. साधन अपुरे होते तरी सेवा सुरू झाली आणि पुढे सुधारत गेली. सयाजीराव महाराजांच्या काळात त्या मार्गांचे जाळे वाढले.

सयाजीरावांनी आजव्याचे पाणी शहरात आणले, १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, गावोगावी ग्रंथालये काढली, फिरत्या पेट्यांतून पुस्तके पोहोचवली. यातल्या कशाचाही हिशेब नफ्या-तोट्यात मांडला गेला नाही. प्रजा शिकली, हाच नफा. शहराची बस आम्ही याच रांगेत बसवतो.

"बस तोट्यात जाते, तो तोटा कुणी भरायचा?" हा प्रश्न रास्त आहे. पण तो फक्त बसलाच का विचारायचा? गेंडा सर्कल ते मनीषा चौकडी हा साडेतीन किलोमीटरचा उड्डाणपूल २०२२च्या डिसेंबरात खुला झाला. खर्च सुमारे २३० कोटी. त्यावरून जाणाऱ्याकडून आपण टोल घेत नाही, आणि पूल तोट्यात आहे असेही म्हणत नाही. त्याचा लाभ मात्र मुख्यतः ज्याच्याकडे वाहन आहे त्याला. ज्याच्याकडे नाही, तोही कर भरतोच. रस्ते माणसांना नेण्यासाठी आहेत, वाहनांना नव्हे, हे केंद्र सरकारच्या २००६च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणानेच म्हटले आहे. मांडवीच्या चार दरवाजांतले रस्ते काही रुंद होणार नाहीत. तिथे चाळीस माणसे एका बसमधून गेली तर किती जागा लागेल आणि चाळीस स्कूटरींवरून गेली तर किती, हे सांगायला तज्ज्ञ नको.

आता घरखर्चाचा हिशेब पाहू. आपल्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई किंवा मकरपुरा जीआयडीसीत काम करणारा मुलगा यांचे जाण्यायेण्यात रोज पन्नास रुपये गेले, तर पंचवीस दिवसांचे साडेबाराशे होतात. लहान पगारात ही रक्कम म्हणजे महिन्याचे दूध. विद्यार्थिनीच्या बाबतीत तर कुठले कॉलेज घ्यायचे, हेही त्यावर ठरते.

मात्र नुसती स्वस्ताई पुरत नाही. मुंबईत बेस्टने २०१९च्या जुलैत किमान भाडे आठ रुपयांवरून पाचावर आणले आणि प्रवासी झपाट्याने वाढले. पुढे बेस्टच्या स्वतःच्या बसगाड्या कमी होत गेल्या, आणि २०२५च्या मे महिन्यात किमान भाडे दहा रुपये झाले. धडा असा, की भाडे कमी हवे आणि गाड्याही पुरेशा हव्यात. महाराष्ट्रात एसटीने पंचाहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून मोफत आणि महिलांना २०२३ पासून अर्ध्या भाड्यात प्रवास दिला. कर्नाटकाने २०२३ मध्ये महिलांना साध्या बसचा प्रवास मोफत केला. इच्छा असली तर तरतूद होते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मुख्य रस्त्यांवर दर पंधरा मिनिटांनी बस असावी आणि ती रात्री दहापर्यंत चालावी. मासिक पास स्वस्त असावा, ज्येष्ठांना व विद्यार्थ्यांना सवलत असावी. थांब्यावर सावली, बसायला बाक आणि मोठ्या अक्षरांत वेळापत्रक असावे. बसची पायरी गुडघेदुखीवाल्याला चढता येईल इतकी खाली असावी. केंद्राने २०२३ मध्ये शहरांसाठी दहा हजार इलेक्ट्रिक बसगाड्यांची योजना मंजूर केली आहे, तेव्हा मागण्याची वेळही योग्य आहे.

आपल्याकडूनही काही हवे. अनंत चतुर्दशीनंतर प्रत्येक वसाहतीतल्या दोघा-तिघांनी घरोघरी विचारून यादी करावी: कुणाला, कुठे, किती वाजता जायचे असते. ती एकत्र करून मंडळाच्या वतीने महापालिकेला देऊ. गुजराती शेजाऱ्यांनाही बरोबर घेऊ, गरज त्यांचीही तीच आहे. आणि ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी आठवड्यातून एकदा तरी बसने जावे. ज्या सेवेत आपण स्वतः बसत नाही, तिच्या तक्रारी कुणी मनावर घेत नाही.

पुढच्या वर्षी आरतीला आपले आजी-आजोबा कुणाच्या गाडीची वाट न पाहता, आपले आपण बसमधून उतरून या मांडवात यावेत, एवढेच गजाननाकडे मागणे.

गणपती बाप्पा मोरया!