वस्तऱ्याची धार



वसंतातल्या व्याख्यानांतून वेदान्त, अर्थकारण, नाट्यसंगीत असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय. आम्ही मात्र दगडावर वस्तरा पाजवण्याविषयी बोलणार आहोत. कोणाला हसू आले तर आमची तक्रार नाही. पण ज्या सुश्रुताचे नाव आपण अभिमानाने घेतो, त्याला हा विषय हलका वाटला नव्हता. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात तो शस्त्रे पाजण्यासाठी उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगतो आणि लावलेली धार नीट बसावी म्हणून सावरीच्या लाकडाची फळी. कोणत्या शस्त्राची धार मसुरेएवढी, कोणत्याची केसाएवढी, कोणत्याची अर्ध्या केसाएवढी, हेही त्याने नोंदले आहे. शस्त्र नीट पाजले गेल्याची त्याची खूण एकच: केस कापला गेला पाहिजे. वैद्याची ही विद्या ग्रंथात आली. हीच विद्या रोज वापरणाऱ्या न्हाव्याला मात्र आमच्या पंडितांनी कधी काही विचारल्याचे दिसत नाही.

आता वस्तराच पाहू. पाठ जाड, दोन्ही बाजू खोलगट घासलेल्या, आणि टोकाला धार. पाते दगडावर आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही एकदमच टेकतात. विळी किंवा सुरी पाजवताना कोन मनगटाने सांभाळावा लागतो. येथे तो वस्तरा घडवणाऱ्यानेच पाठीच्या जाडीत बांधून दिलेला असतो. साधारण सोळा-सतरा अंशांचा. मग अवघड ते काय उरले? उरला तो दाब. नवशिक्याचा हात नकळत जड पडतो, पातळ पाते वाकते आणि धार दगडाला जशी लागायला हवी तशी लागत नाही. पुढे पुढे तर पात्याचे स्वतःचे वजन पुरे होते.

शिकणाऱ्याची खरी परीक्षा पहिल्या दगडावर असते. आज बाजारात कृत्रिम दगड आकड्यांनी मिळतात: 1000 चा भरड, मग 4000, 8000, 12000 असे उत्तरोत्तर बारीक. यांतले पुष्कळसे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे जातीने आपल्या कुरुंदाचेच. इंग्रजांचा कोरंडम हा शब्दही आपल्या देशातूनच गेलेला. ते असो. 1000 च्या दगडाचे काम एवढेच, की दोन्ही बाजूंचे उतार टाचेपासून टोकापर्यंत एका रेषेत मिळावेत. ते मिळाले नसतील तर पुढचे बारीक दगड ती न मिळालेली कडच घासून चकचकीत करतात. पाते आरशासारखे दिसते आणि गालावर ओढले की केस उपटते! चकाकीला धार समजण्याचा हा घोटाळा इतका सार्वत्रिक आहे, की एखाद्याचे घासणे आठवडाभर चालते आणि त्याचा सगळा राग दगडावर निघतो.

उतार मिळाले की नाही, हे ओळखावे कसे? दिव्याखाली धार वर करून तिच्याकडे सरळ पाहावे. कुठे पांढरी रेघ चमकली तर तेथे अजून सपाटी शिल्लक आहे. खऱ्या धारेवर उजेड परतवायला जागाच नसते. मग हातावरची लव टाच, मध्य आणि टोक अशा तिन्ही ठिकाणांनी कापून पाहावी. कापली जात नसेल तर पुन्हा 1000. येथे कंटाळून चालत नाही.

चाल सांगतो. दगडावर पाणी असावे. धार पुढे, पाठ मागे. पाते सहसा दगडाच्या रुंदीपेक्षा लांब, म्हणून ते तिरके ओढत न्यावे, म्हणजे सारी धार दगडावरून जाते. शेवटाला पोचले की पाते पाठीवर उलटावे, धारेवर कधीही नाही. कानही जागा ठेवावा: आरंभीचा खरखर आवाज काम होत आले की मऊ पडतो, आणि पाणी धारेच्या पुढे लाटेसारखे सरकू लागते. दगड मध्यभागी झिजून खोल होतो हे विसरू नये. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि सपाट काचेवर ठेवलेल्या पाणकागदावर त्या पुसल्या जाईपर्यंत तो घासावा.

नैसर्गिक दगडांचा एक वेगळाच दरबार आहे. बेल्जियममध्ये आर्देनच्या डोंगराळ मुलखात, साल्म नदीच्या परिसरात, पिवळसर दगडाचे पातळ थर सापडतात. त्यांत गार्नेटचे अतिसूक्ष्म कण असतात आणि तेच पोलाद घासतात. थर इतका पातळ की त्याला खाली पाटीच्या दगडाचा आधार चिकटवावा लागतो. वस्तऱ्याला शेवटचा हात देण्यासाठी या दगडाची ख्याती आहे.

शेवटी चामड्याचा पट्टा. येथे चाल उलटी: पाठ पुढे, धार मागे, नाहीतर पट्टाच कापला जाईल. पट्टा रोज का लागतो? दाढीचा केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ, तरी धार जाते कशी, हे कोडे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाढीच्या पात्यांवर तपासले आणि 2020 मध्ये प्रसिद्ध केले. पोलादाची घडण सर्वत्र सारखी नसते. केस धारेला विशिष्ट कोनातून आणि नेमक्या कच्च्या जागी भिडला की तेथून सूक्ष्म टवका उडतो. दगडावर पुन्हा जावे लागते ते अशा टवक्यांपायी. नुसती कलंडलेली धार पट्ट्यावर सरळ होते.

अमेरिकेत जिलेटचे बदलायचे पाते 1903 मध्ये विक्रीला आले आणि घरोघरचे पाजवणे हळूहळू संपले. आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीत ते बराच काळ टिकले. मग एड्सच्या धास्तीने तेथेही अर्धे ब्लेड अडकवण्याचा दांडा आला. रोगाच्या दृष्टीने ते योग्यच झाले, यात आम्हाला शंका नाही. आम्हाला खंत आहे ती दुसरीच. बारा बलुत्यांतल्या या माणसाकडून आपण शतकानुशतके गाल घोटून घेतले, त्याला पायलीभर धान्य दिले, पण त्याच्या हाताला काय कळते हे लिहून घेतले नाही. 1890 मध्ये मुंबईत, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, याच नाभिकांनी विधवांच्या केशवपनाला हात लावायचा नाही असे ठरवले होते. शिकलेले लोक तेव्हा वादच घालत होते.

आज परदेशातले हौशी लोक ही विद्या प्रयोग करकरून नव्याने जुळवीत आहेत. आपल्या गावात मात्र अजून काही म्हातारे कारागीर असतील, ज्यांनी वडिलांच्या हाताखाली वस्तरा पाजवला. त्यांच्याकडे जावे, अहो-जाहो करून विचारावे, आणि बोटे कशी धरतात ते पाहावे. घरात आजोबांचा वस्तरा असेल तर तोही सोबत न्यावा. मात्र आधी गंज पाहावा. धारेपाशीच खोल खड्डे पडले असतील तर तिथले पोलाद आधी घासून काढावे लागेल, आणि ते काम त्यांच्याच हाताने होऊ द्यावे.