बर्फ सरल्यावरचा डोंगर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



सह्याद्रीच्या काळ्या कातळाशी आपले नाते जुने आहे. त्यातील लेणी माणसाच्या छिन्नीने घडली. चुनखडकातील गुहा मात्र पाणीच कोरते. हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड पावसाच्या पाण्यात मिसळतो आणि त्या सौम्य आम्लाने हा खडक विरघळू लागतो. फटी रुंदावतात, विवरे पडतात, ओढे भूमिगत होतात. स्लोव्हेनिया व इटलीच्या सीमेवरील एका पठाराच्या नावावरून अशा भूमीस ‘कार्स्ट’ म्हणतात. अशा डोंगरावरून हिमनदी मागे हटली म्हणजे तो स्वतःला कसा सावरतो, हा आजचा विषय.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात नॉर्बर नावाची टेकडी आहे. तेथे उघड्या चुनखडकावर मोठमोठ्या काळसर शिळा फूट-दीड फूट उंचीच्या चबुतऱ्यांवर बसलेल्या दिसतात. या शिळा खालच्या खडकाहून वयाने कितीतरी वडील. हिमनदीने त्या जवळच्या खोऱ्यातून उचलून येथे ठेवल्या. सुमारे १८,००० वर्षांपूर्वी बर्फ हटले. शिळेच्या छत्राखालचा चुनखडक पावसापासून बचावला, भोवतालचा झिजत गेला. म्हणजे हजार वर्षांत झीज जेमतेम दोन सेंटिमीटर!

पाण्याची कथा याहून नाट्यमय आहे. तेथून काही मैलांवर मॅलहॅम कोव्ह हा सुमारे ८० मीटर उंचीचा कडा आहे. हिमयुगाच्या अखेरीस जमीन गोठलेली, फटी बर्फाने बुजलेल्या. त्यामुळे वितळलेले पाणी पृष्ठभागावरूनच वाहत येऊन या कड्यावरून कोसळे. जमीन सैल झाली, फटी मोकळ्या झाल्या, आणि पाणी पाताळात गेले. कडा कोरडा पडला. परंतु ६ डिसेंबर २०१५ रोजी वादळी पावसाने भूमिगत वाटा तुडुंब भरल्या, तेव्हा तो धबधबा काही काळ पुन्हा अवतरला. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही.

हीच घडामोड आज आपल्या डोळ्यांदेखत चालली आहे. स्वित्झर्लंडमधील त्सांफ्लरों हिमनदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मागे हटत आहे. तिने नुकताच मोकळा केलेला चुनखडक गुळगुळीत, ओरखड्यांनी भरलेला आहे. त्या काळच्या हिमोढाच्या बांधापलीकडे, हजारो वर्षे उघड्या पडलेल्या खडकात मात्र खोल चरच चर. या हिमनदीच्या माथ्यावरील खिंडीत २०१२ साली सुमारे १५ मीटर जाडीचा बर्फ होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील खडक उघडा पडला. हिमनदीचे पाणी खडकात शिरून खालच्या झऱ्यातून बाहेर येते, आणि त्या झऱ्यावर माणसांचे पिणे व शेतीचे सिंचन अवलंबून आहे. बर्फ संपले, की उन्हाळ्यातला हा आधार घटणार.

आपल्या देशातही असा प्रदेश आहे. काश्मीरमधील अचबल व कोकरनाग येथील झरे चुनखडकातूनच उगवतात. त्यांना पाणी मिळते ते मुख्यत्वे डोंगरावरच्या हिमाचे. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोकरनागजवळ ब्रेंगी नाल्याच्या पात्रात विवर पडले व नाला त्यात गडप झाला. वर हरवलेले पाणी खाली कोठे निघते, हा अशा मुलखात केवळ कुतूहलाचा प्रश्न राहत नाही. मातीच्या थरातून पाणी गाळले जाते; चुनखडकाच्या रुंद फटीतून ते जसेच्या तसे वाहते. वरच्या विवरात टाकलेली घाण खालच्या गावाच्या घागरीत येते.

सज्जनहो, डोंगराला सावरायला हजारो वर्षांची सवड असते. पायथ्याच्या गावाला नसते. म्हणून झऱ्याची राखण झऱ्यापाशी नव्हे, तर वरच्या विवरापाशी सुरू व्हावी, एवढेच सांगून आपली रजा घेतो.