चाकाची चावी : लहान वस्तू, मोठी जबाबदारी

(वाहनांची निगा या विषयावरील भाषणाचा मजकूर)



मोटारीची चावी सापडेनाशी झाली की सारे घर शोधाला लागते. त्याच मोटारीच्या चाकांनाही एक चावी असू शकते. ती कोठे ठेवली आहे, हे मात्र पुष्कळ मालकांना सांगता येत नाही. तिची आठवण होते ती आडरानात चाक पंक्चर झाल्यावर. अशा वेळी मोटारीत एखादा रुग्ण असेल किंवा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका असतील, तर जॅक, पाना आणि स्टेपनी जवळ असूनही केवळ बोटभर लांबीच्या एका तुकड्यावाचून सारे खोळंबते.

कुलपाचा नट म्हणजे काय ?

पोलादी चाकांच्या मानाने अलॉय चाके महाग असतात. साधे नट कोणत्याही पान्याने सुटत असल्याने अशा चाकांवर चोरांचा डोळा असतो. यावर उपाय म्हणून प्रत्येक चाकाच्या चार किंवा पाच नटांपैकी एका नटाच्या जागी कुलपाचा नट बसवितात. त्याच्या डोक्याला नेहमीचे सहा पैलू नसतात, तर विशिष्ट नक्षीची खाच असते. चावीचे एक टोक या खाचेत बसते व दुसऱ्या टोकाला नेहमीचा पाना लागतो. चारही चाकांना सामान्यतः एकच चावी चालते. या नटामुळे चोरी अशक्य होते, असे मात्र नव्हे. असे नट काढण्याची साधने बाजारात मिळतात. चोराचा वेळ जावा आणि त्याने नाद सोडावा, एवढाच या नटाचा हेतू होय.

काही मोटारींत चाकाबाहेर आलेल्या आट्यांवर नट बसतात, तर अनेक जर्मन बनावटीच्या मोटारींत आत फिरणारे बोल्ट असतात. म्हणून बाजारातून संच घेताना आट्यांचे माप आणि नटाच्या बैठकीचा आकार यांची खात्री करून घ्यावी. बैठक जुळली नाही तर चाक सैल होण्याचा धोका असतो. स्टेपनी पोलादी असल्यास हेच नट तिला चालतात किंवा कसे, हेही आधीच पाहून ठेवावे.

वापरातील दक्षता

चावी खाचेत पूर्ण व सरळ बसल्यावाचून जोर लावू नये. हवेवर चालणाऱ्या गनने हा नट सोडू वा आवळू नये. गनच्या धक्क्याने चावीची नक्षी झिजते, प्रसंगी तुटते. सोडताना कुलपाचा नट सर्वांत आधी सोडावा व बसविताना सर्वांत शेवटी हाताने आवळावा. लहान मोटारींना साधारणतः १०० न्यूटन-मीटरच्या आसपास जोर पुरतो; नेमका आकडा मोटारीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. चाक बदलल्यानंतर ५० ते १०० किलोमीटर अंतर गेल्यावर सर्व नट पुन्हा तपासणे हिताचे असते.

चावी हरवल्यास

प्रथम डिकीतील हत्यारांची पिशवी, स्टेपनीची पोकळी, डॅशबोर्डचा कप्पा व दारांचे कप्पे पाहावेत. त्यानंतर ज्या कार्यशाळेत चाकाचे शेवटचे काम झाले तेथे चौकशी करावी. काम झाल्यावर चावी तेथेच राहून जाणे हे हरवण्याचे एक नेहमीचे कारण आहे. संचासोबत मिळालेल्या कार्डावर सांकेतिक क्रमांक असतो. त्यावरून नवी चावी मागविता येते. कार्ड नसल्यास विक्रेत्याकडील नमुना चाव्या लावून पाहता येतात. छिन्नी-हातोड्याचा प्रयोग रस्त्याकडेला करू नये. त्यात चाकाचे नुकसान होते आणि हातालाही इजा होते. नट तोडून काढणे हा अखेरचा उपाय असून तो जाणकाराच्याच हातून व्हावा.

कार्यालयीन व्यवस्था

शासकीय वाहन ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्या चावीची व्यवस्था व्यक्तीच्या स्मरणशक्तीवर सोपवून चालणार नाही. त्यासाठी पुढील नियम पाळावेत :

१. चावी वाहनात एकाच ठरलेल्या जागी, भडक रंगाच्या पिशवीत ठेवावी.

२. सांकेतिक क्रमांक वाहनाच्या नोंदवहीत व कार्यालयातील नस्तीत लिहावा. कार्ड वाहनात ठेवू नये.

३. वाहन दुरुस्तीस देताना चावी दिल्याची नोंद कार्यशाळेच्या पावतीवर करून घ्यावी. परत घेताना प्रथम ती पाहावी.

४. चालक वा अधिकारी बदलल्यास कार्यभार यादीत या चावीचा स्वतंत्र उल्लेख असावा.

५. सहा महिन्यांतून एकदा चारही नट चावीने सोडून, योग्य जोराने पुन्हा आवळून पाहावेत.

खाजगी मालकांनीही हेच करावे. जुनी मोटार विकत घेताना कागदपत्रांबरोबर ही चावी मागून घ्यावी आणि ती लावून पाहावी. २०२० मध्ये झालेल्या नियमदुरुस्तीनुसार, टायरमधील हवेचा दाब दर्शविणारी यंत्रणा व दुरुस्तीसंच असलेल्या मोटारींना स्टेपनीची सक्ती उरलेली नाही. परंतु टायर फाटला तर चाक काढावेच लागते. तेव्हा अशा मोटारीतही चावी हवीच.

सुरक्षिततेचे साधन बसविले म्हणजे कर्तव्य संपले, असे होत नाही. ज्या कुलपाची चावी वेळेवर सापडत नाही, ते चोराआधी मालकालाच अडविते. म्हणून आज घरी अथवा कार्यालयात परतल्यावर प्रत्येकाने डिकी उघडून ही चावी जागेवर आहे की नाही, हे पाहावे. या कामाला पाच मिनिटेही लागणार नाहीत. पण अडचणीच्या रात्री एखाद्या रुग्णाचे कित्येक तास त्यामुळे वाचतील.