आनंदाच्या पत्रातली माणसे



मी पाळक नाही. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली आणि उपासनेत खांबाजवळच्या बाकावर बसून आयुष्यभर उपदेश ऐकत आलेली बाई आहे. तेव्हा आज तुम्हा पदवीधरांसमोर बोलणार आहे तीही बाकावरूनच. व्यासपीठावरून न दिसणाऱ्या काही गोष्टी तिथून चांगल्या दिसतात. आनंदावर उपदेश सुरू झाला की काही माणसे खाली बघू लागतात, ही त्यांतलीच एक. कोणाच्या घरी नुकतीच माती झालेली असते, कोणाचा मुलगा दारूच्या नादी लागलेला असतो, कोणी मुलगी लग्न मोडून माहेरी आलेली असते. वरून सांगितले जाते की ख्रिस्ती माणसाने सदैव आनंदी असावे. खाली बसलेल्याला ऐकू येते की तुझ्या विश्वासातच काही खोट आहे.

हा उपदेश बहुतेक वेळा फिलिप्पैकरांस पत्रावरून होतो. चार अध्यायांचे छोटे पत्र. आनंदाचा उल्लेख त्यात इतक्यांदा येतो की आपण त्याला आनंदाचे पत्रच म्हणतो. पौलाने ते बंदिवासातून लिहिले. तो बंदिवास रोममधला की इफिसातला, हा प्रश्न तुम्ही परीक्षेत सोडवलाच असेल. मी त्यात पडत नाही. मला या पत्रातली माणसे जास्त महत्त्वाची वाटतात, आणि उपदेशात नेमकी तीच गाळली जातात.

एपफ्रदीत घ्या. फिलिप्पैच्या मंडळीने पौलासाठी मदत गोळा केली आणि ती याच्या हाती पाठवली. म्हणजे हे पत्र एका अर्थाने मिळालेल्या मदतीची पोच आहे. हा माणूस तिथे पोहोचला आणि मरणाच्या दारात जाण्याइतका आजारी पडला. आपल्या आजाराची बातमी घरी कळली, याचीच त्याला जास्त तळमळ लागली. तो मेला असता तर माझ्या दुःखावर आणखी दुःखाचा भार पडला असता, असे पौल सरळ लिहितो. प्रभूच्या घरी गेला असता, त्यातही आनंदच मानला असता, असे तो लिहीत नाही. मरण मला लाभच आहे, असे याच पत्रात स्वतःबद्दल म्हणणारा माणूस मित्राच्या मरणाच्या नुसत्या शक्यतेने हादरतो. तिसऱ्या अध्यायात तर तो रडत रडत लिहितो आहे, असे स्वतःच सांगतो. आनंदाच्या पत्रावर आसवे पडली आहेत आणि ती पुसायची गरज पौलाला वाटलेली नाही.

मग चौथ्या अध्यायात दोन बाया येतात, युवदीया आणि सुंतुखे. दोघींनी सुवार्तेच्या कामात पौलाच्या बरोबरीने कष्ट केलेले. दोघींचे आता जमत नाही. भांडण कशावरून, ते पौल सांगत नाही, पण नावे घेतो, आणि हे पत्र सगळ्या मंडळीसमोर मोठ्याने वाचले जाणार आहे हे त्याला ठाऊक आहे. त्या दोघी कुठे बसल्या असतील आणि नाव येताच बाकीच्यांनी कशा माना वळवल्या असतील, हे मला बाकावरून अगदी स्पष्ट दिसते. दोघींनी एकचित्त व्हावे अशी तो विनंती करतो आणि एका सहकाऱ्याला म्हणतो, त्यांना साहाय्य कर. आनंद करा हे जगप्रसिद्ध वाक्य त्याच्या लगेच पुढचे. चिंता करू नका, उपकारस्तुतीसह आपल्या मागण्या देवाला कळवा, हेही तिथेच.

आपण ते वाक्य या शेजारातून उचलून चौकटीत घालतो. पौलाने ते भांडणाच्या कडेला ठेवले आहे. दोघींचे जमावे म्हणून कोणीतरी उठून त्यांच्या घरी जायचे आहे, आणि आनंद करण्याचा निरोप त्याच घरांना आहे. तुम्ही जिथे जाल तिथे युवदीया आणि सुंतुखे तुमच्या आधी पोहोचलेल्या असतील. एक संडे स्कूल सांभाळत असेल, दुसरी महिला मंडळाची अध्यक्ष असेल. तुमच्या स्वागताचा हार कोणी घालायचा यावरूनच सुरुवात होईल. त्या दिवशी आनंदावर प्रवचन करू नका. चपला घाला आणि आधी एकीकडे, मग दुसरीकडे चहाला जा.

या पत्रातली आणखी एक जागा पाळकांना अवघड जाते. पौल आत असताना बाहेर काहीजण हेव्याने, त्याला खिजवण्यासाठी प्रचार करत आहेत. त्यावर तो म्हणतो, कसेही असो, ख्रिस्ताची घोषणा होते आहे, यात मला आनंद आहे. ज्यांच्याकडे फक्त बाकावरची जागा आहे त्यांना हे सोपे जाते. तुम्हाला जड जाईल. तुमच्या उपासनेला तीस माणसे असतील आणि पलीकडच्या गल्लीतल्या नव्या मंडळीत स्पीकर, कीबोर्ड आणि उभे राहायला जागा नाही अशी गर्दी असेल. तेव्हा छातीत जे टोचेल, त्यावरून तुमचा आनंद कशावर उभा आहे ते तुम्हाला कळेल.

आता आपल्या मराठी मातीकडे येते, कारण आनंदाने प्रार्थना करायला आपल्याला कोणी शिकवले हे आज विसरून चालणार नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. नंतरची बरीच वर्षे ते तेव्हाच्या अहमदनगरात राहिले, तिथल्या ईश्वरविज्ञान विद्यालयात शिकवत होते, म्हणजे तुमच्यासारख्यांचेच गुरुजी. मिशनच्या उपासनेत तेव्हा विलायती चालींचा भर होता. त्या चालींना मी नावे ठेवत नाही, त्यांतल्या काही मला फार आवडतात. पण ज्यांच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या टाळ-मृदंग पडले, त्यांचे पाय त्या चालींवर हलत नव्हते. टिळकांनी भजन आणले, अभंग आणला, कीर्तन आणले. ‘उपासना संगीत’ उघडून पाहा, पानोपानी टिळक आहेत. ख्रिस्ती मराठी माणसाला त्यांनी आपल्या भाषेत डोलण्याची मुभा दिली. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोठे आहे. हा आनंद अंगात मुरलेला असतो, गळ्यातून आणि टाळ्यांतून बाहेर पडतो. नुसते विचार करून तो येत नाही.

आणि लक्ष्मीबाई! त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली नाहीत त्यांची पदवी आज रोखून धरावी, असे मी प्राचार्यांना सुचवणार होते. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्या बाईचा संसार मोडला. पाच वर्षांनी, १९०० साली, तिने स्वतः बाप्तिस्मा घेतला. मधल्या काळात नवऱ्याकडे परत आल्यावरही सोवळेओवळे सांभाळण्याची तिची कोण धडपड! हे सगळे म्हातारपणी सांगताना ती स्वतःला हसते, नवऱ्याला हसते, मोठमोठ्या साहेबांनाही सोडत नाही. त्या हसण्यात कुठेही कडवटपणा नाही, आणि काही लपवलेलेही नाही. देवाने आपल्याला सोडलेले नाही, हे पक्के ठाऊक असलेलाच माणूस स्वतःची फजिती इतक्या मोकळेपणाने मांडू शकतो. विश्वासातला विनोद कसा असतो, हे मला कोणत्याही भाष्यग्रंथापेक्षा या पुस्तकाने जास्त शिकवले.

केडगावला १९०५ साली वेगळेच घडले. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवून आणलेल्या कितीतरी मुली होत्या. प्रार्थनेत त्या मोठमोठ्याने रडू लागल्या, सगळ्या एकाच वेळी बोलू लागल्या, आणि त्या रडण्यातूनच गाणे फुटले. शिस्तीच्या उपासनेची सवय असलेल्यांना तो गोंगाट वाटला. रमाबाईंनी मुलींना गप्प बसवले नाही. भूक, घरच्यांचे मरण, हाडांचे सापळे पाहिलेल्या पोरी होत्या त्या. आधी त्यांना पोटभर रडू द्यायला हवे होते. स्तोत्रसंहितेची रीतही हीच. तिच्यातली कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत आणि अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते. ज्यांनी हे पुस्तक जुळवले, त्यांना त्या स्तोत्राच्या शेवटी एखादी गोड ओळ जोडता आली असती. त्यांनी जोडली नाही.

पुढे १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा गेली. रमाबाई साध्या मराठीतल्या आपल्या बायबल भाषांतराच्या कामाला लागून राहिल्या, ते पुरे केले आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. त्या महिन्यांत त्या आनंदी होत्या का, असे मला कोणी विचारले तर तो प्रश्नच मला उद्धट वाटेल.

तर अंत्यविधीत, निदान पहिल्या दिवशी तरी, आनंद करा असे म्हणू नका. घरच्यांबरोबर बसा. येशू लाजराच्या कबरेकडे निघाला तेव्हा पुढे काय करणार हे त्याला माहीत होते, तरी तो रडला. आणि लग्नघरी गेलात तर तिथे मात्र लांब तोंड करून बसू नका. काना गावच्या लग्नात दोन-दोन, तीन-तीन मणांचे सहा रांजण भरून द्राक्षारस झाला. पहिला चमत्कार यजमानाची लाज राखण्यासाठी! आपल्याला तो उपदेशात सांगताना अजूनही जरा अवघडायला होते, हे मी पाहिले आहे.

शेवटी एका कॅलेंडरची गोष्ट. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी वचनांचे कॅलेंडर असते, आणि परमेश्वराचा आनंद हेच आपले बळ, या अर्थाचे नहेम्याचे वचन कुठल्या ना कुठल्या महिन्यात असतेच. छापतात तो वचनाचा शेवट. एज्राने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले, ऐकता ऐकता लोक रडू लागले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या आणि ज्यांच्यासाठी काही रांधलेले नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा. हा पहिला भाग कॅलेंडरवर मावत नसावा. त्या दिवशीचा आनंद ताटांतून वाटला गेला, आणि ज्याच्या घरी चूल पेटली नव्हती त्याचे ताट घरच्यांच्या बरोबरीने भरले गेले.

पलीकडच्या शेडमध्ये सकाळपासून काही बायका आणि वसतिगृहाचे आचारी आपल्या जेवणासाठी राबत आहेत. त्यांच्यातल्या कोणालाही हे भाषण ऐकायला आत येता आलेले नाही. पदवीधरांनो, झगे काढून ठेवा, बाह्या वर करा आणि आज पहिली पंगत त्यांची बसवा. वाढायला तुम्ही. आम्ही पाहुणे थांबू.