प्रक्षेपकाची मांडणी



प्रक्षेपकातून दाखविलेला चौरस पडद्यावर चौरसच दिसला पाहिजे. यंत्र खाली ठेवून त्याचे तोंड वर उचलले, म्हणजे प्रतिमेची वरची बाजू रुंदावते. चौरसाचा समलंब चौकोन होतो आणि पहिलीतील मूल तोच आकार चौरस म्हणून मनात धरते. अक्षरांचीही तीच गत होते. यास्तव यंत्र तिरपे न करता मेजच उंच करावे आणि यंत्र सपाट, पडद्याच्या अगदी समोर ठेवावे. ‘कीस्टोन’च्या बटणाने कडा सरळ होतात खऱ्या, परंतु त्यासाठी यंत्र प्रतिमा आकसून घेते व रेखीवपणा उणावतो. तो उपाय अखेरचा समजावा.

अंतर दुप्पट केले की प्रतिमेचे क्षेत्रफळ चौपट होते. प्रकाश मात्र तेवढाच राहतो, म्हणून चित्र फिके पडते. तेव्हा प्रतिमा गरजेपुरतीच मोठी करावी. आधी आकार ठरवावा, मग फोकस जुळवावा. मध्याबरोबर चारही कोपरे पाहावेत.

त्यानंतर शिक्षकाने शेवटच्या रांगेत मुलांच्या जागी बसून सर्वांत लहान अक्षर वाचून पाहावे. तेथून ते स्पष्ट वाचता आले, तरच मांडणी पुरी झाली.