सरकून बसण्याचा धर्म
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



ग्रामदेवतेच्या कृपेने देवालयाचा जीर्णोद्धार पार पडला. गावकऱ्यांनी अंगमेहनत केली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील मंडळींनी पगारातून वर्गणी बाजूला काढली. वासे कुजू लागले, भिंतींना ओल आली, तेव्हा देऊळ कोसळेपर्यंत कोणी थांबले नाही. ज्या देहाच्या बळावर संसार आणि परमार्थ दोन्ही चालतात, त्याची डागडुजी मात्र माणूस पुढे ढकलतो. स्वतःकडे पाहिले तर लोक आपमतलबी म्हणतील, असे भय त्याला वाटते.

स्वतःला जपावे की दुसऱ्यासाठी झिजावे, या प्रश्नाचे साधे उत्तर मुंबईच्या लोकलगाडीत पाहावयास मिळते. तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा देण्याची रीत तेथे प्रवाशांनीच पाडली आहे. चौथा येऊन 'जरा सरका' म्हणतो आणि तिघे थोडेथोडे सरकतात. त्याला टेकण्यापुरती जागा मिळते आणि तिघांपैकी कोणालाही उठावे लागत नाही. खिडकीबाहेर पाहत पाय पसरून बसणारा एखादा असतोच. स्वतःला जपणे ते नव्हे. पण चौथ्यासाठी दररोज एकट्यानेच उठून उभे राहावे, असेही तेथे कोणी म्हणत नाही.

घरात मात्र पुष्कळदा तेच घडते. बाकीचे बसून राहतात आणि एकच माणूस उभे असते. बहुधा ती घरातील बाई. पहाटे उठून डबे करायचे, गर्दीतून कचेरी गाठायची, परतताना गाडीतच भाजी निवडायची आणि सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेसुरले खायचे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठी लोकलगाडी सुरू झाली. वाटेतले कष्ट तिने काहीसे हलके केले. परंतु उंबरठ्याच्या आतले कष्ट रेल्वे कशी हलके करणार? ते घरानेच केले पाहिजेत. अंगात कणकण असली तरी ती माउली बोलत नाही, दुखणे अंगावर काढते. आणि ती अंथरुणाला खिळली, की सारे घर पांगळे होते.

रक्तदानाइतके निर्मळ दान दुसरे कोणते? पण त्यालाही मर्यादा घातलेली आहे. दात्याचे वय १८ ते ६५ वर्षे, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. पुन्हा रक्त देण्यापूर्वी पुरुषाने ९० आणि स्त्रीने १२० दिवस थांबायचे असते. अशक्त माणूस कितीही कळवळून पुढे आला तरी डॉक्टर त्याला परत पाठवतात. देणारा धडधाकट राहिला, तरच तो पुन्हा देऊ शकतो. गीतेच्या सहाव्या अध्यायातही भगवंतांनी हेच सांगितले आहे, की अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्यालाही, अति झोपणाऱ्याला आणि सदा जागणाऱ्यालाही योग साधत नाही.

तेव्हा मुंबईच्या मुलाने गावी पैसे जरूर धाडावेत, पण पोटाला चिमटा घेऊन नव्हे. आणि गावच्या वडीलधाऱ्यांनी मागण्यापूर्वी त्याच्या खोलीचे भाडे व मुलांची फी विचारावी. म्हाताऱ्या आईचे आजारपण मुलुंडच्या एका सुनेवर पडले असेल, तर इतर भावांनी व नणंदांनी पाळ्या लावून घ्याव्यात. थकलेल्यानेही मनात कुढत न बसता 'जरा सरका' म्हणावे. असे म्हणण्यात कमीपणा नाही. न सांगता घरच्यांना कळेलच असेही नाही.

ग्रामदेवता सर्वांना आरोग्य देवो आणि एकमेकांसाठी सरकून बसण्याची सद्बुद्धी देवो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.