शाळेच्या चुलीची आगोट



थंड देशांत घराबाहेरील स्वयंपाकाची जागा हिवाळ्यापूर्वी नीट आवरून ठेवण्याचा प्रघात आहे. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे अकराव्या हिश्शाने वाढते आणि नळात पाणी राहिले असल्यास नळ फुटतो. म्हणून तेथील गृहस्थ हिम पडण्याआधीच नळ रिकामे करतो व शेगडी झाकून ठेवतो. पेण तालुक्यात पाणी गोठत नाही. येथे उघड्यावरील चुलीची परीक्षा घेतो तो पाऊस. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो.

ह्या चार महिन्यांची तयारी कोकणातील गृहिणीला कोणी शिकवावी लागत नाही. वैशाखात घर शाकारले जाते, लाकूडफाटा पडवीत रचला जातो, मीठ-मसाला भरला जातो आणि पावसाच्या बाजूस झापांचा आडोसा बांधला जातो. हीच आगोटीची बेगमी. घराच्या चुलीची जी काळजी घेतली जाते, ती शाळेच्या चुलीचीही घेतली जाते काय, हा आजचा प्रश्न आहे.

शाळेत अन्न देण्याची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. प्रारंभी अनेक राज्यांत मुलांना कोरडे धान्य मिळे. शिजवलेले अन्नच द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला आणि त्यानंतर चूल शाळेच्या आवारात आली. पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम, तर सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, असे प्रमाण ठरलेले आहे.

ह्या अन्नाचे मोल डोंगरपट्टीतील वाड्यांत कळते. कित्येक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची मुले जूनमध्ये पुन्हा शाळेत येतात. भट्टीची मजुरी संपलेली असते आणि भाताचे पीक अद्याप दूर असते. अशा दिवसांत पावसाने चूल विझली, तर त्या मुलाचे दिवसाचे मुख्य जेवणच बुडते.

अडचण अशी की आगोटीचे दिवस आणि शाळेच्या सुट्टीचे दिवस एकच आहेत. मे महिन्यात शाळेला कुलूप असते. शाळा जूनच्या मध्यास उघडते, आणि पाऊस बहुधा तत्पूर्वीच कोकणात दाखल होतो. शाळा उघडल्यावर तयारीस लागणारा शिक्षक ओल्या लाकडांनीच आरंभ करतो. म्हणून ही कामे एप्रिलअखेर, सुट्टी लागण्यापूर्वी, उरकावयास हवीत.

पहिले काम छपराचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा घरांची व शाळांची छपरे उडाली. पत्र्याचा प्रत्येक आकडा हलवून पाहावा, फुटके कौल बदलावे आणि पागोळ्यांचे पाणी चुलीकडे न येता बाहेर जाईल असा चर खणावा.

दुसरे काम आडोशाचे. पावसाळी वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून येतो. दक्षिण व पश्चिम बाजू झाकाव्यात आणि पूर्व बाजू धुरासाठी मोकळी ठेवावी. झाप किंवा प्लॅस्टिकचा कागद जाळाजवळ येऊ देऊ नये. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपरास लागली आणि ९४ मुले दगावली. जेथे गॅसची शेगडी आहे तेथे आडोशाच्या तळाशी फट ठेवावी. कारण हा वायू हवेहून जड असून जमिनीलगत साचतो.

तिसरे काम सरपणाचे. ओल्या लाकडाची काही शक्ती स्वतःतील पाणी उडविण्यातच खर्ची पडते, आणि धूर मात्र स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत व छातीत जातो. किमान महिनाभराचे सरपण भिंतीच्या आत, फळ्यांवर रचावे.

चौथे काम धान्याचे. ६० लहान मुलांच्या शाळेस दररोज ६ किलो, म्हणजे २४ दिवसांस १४४ किलो तांदूळ लागतो. ही पोती जमिनीवर ठेवू नयेत व भिंतीसही टेकवू नयेत. हात फिरेल एवढी जागा सोडावी. ओल आली की बुरशी धरते व टोके पडतात.

पाचवे काम सर्वांत गंभीर आहे. भातलावणीच्या दिवसांत गावात कीटकनाशकांच्या बाटल्या हाताशी असतात. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील जेवणाच्या तेलात कीटकनाशक मिसळले गेल्याने २३ मुले मृत्यू पावली. औषधाचे रिकामे भांडे कितीही धुतले तरी स्वयंपाकघरात आणू नये, धान्यावर विषारी पूड टाकू नये, आणि वाढण्यापूर्वी शिक्षकाने घास चाखण्याचा नियम एक दिवसही चुकवू नये.

ह्या कामांस मोठा खर्च लागत नाही. मुख्याध्यापक, व्यवस्थापन समिती व स्वयंपाकी-मदतनीस ह्यांनी एप्रिलात एक दुपार एकत्र बसून कामे वाटून घ्यावीत. सुट्टीत किल्ली कोणाकडे राहील व पहिल्या सरीनंतर छप्पर कोण पाहील, हे नावानिशी वहीत लिहावे. एवढे झाले, तर शाळा उघडेल त्या पहिल्याच दिवशी, बाहेर मुसळधार पाऊस असला तरी, मुलाच्या ताटात गरम भात पडेल.